राजीखुशीने केलेली सही

सूनबाई,

सकाळी घरमालकाचा माणूस आला. ‘गळती दुरुस्त करायचीय, सही द्या’ म्हणाला. चष्मा सापडेना, म्हणून मी तशीच सही ठोकली. तो गेल्यावर कळलं, मेला चष्मा डोक्यावरच होता! मग त्याने ठेवलेली प्रत वाचली: ‘आम्ही राजीखुशीने महिनाअखेर घर रिकामं करत आहोत.’

प्रत घेऊन तुझ्या वकील मैत्रिणीकडे चाललेय. भाडेकरार तुझ्या नावावर आहे, मग माझी सही चालणार नाही ना गं? तू कुणालाही दार उघडू नकोस. तुझ्या नवऱ्याला जेवण झाल्याशिवाय सांगू नकोस, उगाच तंडायला जाईल.

आयुष्यात राजीखुशीने मी एकच काम केलं, तुला सून करून आणलं. त्याला कुठे सही लागली होती?

आई