पेशंटचं माणूस

१८ नोव्हेंबर १९७४, नागपूर

मुलाखत रद्द! सावंतवाडीहून एस.टी., मग आगगाडी, मग दुसरी आगगाडी — हाडं खिळखिळी करून इथवर आले आणि ऑफिसच्या दारावर चिकटवलेला कागद: 'मुलाखती पुढील सूचनेपर्यंत तहकूब.' शिपाई म्हणतो, "काहून आल्या जी एवढ्या दुरून?" जशी काही मी सहलीलाच आले!

परत जायचं नाही. एवढं नक्की. दादाने डिसेंबर संपेपर्यंतची मुदत दिलीय. "नाही जमलं तर निमूट परत ये, निर्मला. आपल्या घरात दोन घास आहेत." प्रेमानेच म्हणाला, पण मला राग आला तो आलाच. मराठी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या त्या दादाचे दोन घास खायला नाही. एक मुलाखत तहकूब झाली म्हणून अख्खं नागपूर काही तहकूब झालेलं नाही. इथेच राहायचं आणि दुसरी नोकरी शोधायची.

पण राहायचं कुठे? आज स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये आहे. थंडी भयंकर. स्वेटर आणलेला नाही. आमच्याकडे स्वेटर कोण घालतं?

१९ नोव्हेंबर

दिवसभर पायपीट. वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, आधी नेमणुकीचं पत्र दाखवा. सीताबर्डीवरच्या दुकानात नोकरी विचारली तर मालक म्हणाले, नागपुरातला पत्ता सांगा. म्हणजे नोकरी असेल तर खोली आणि खोली असेल तर नोकरी. वा रे न्याय! लॉजवाला माझ्या मागे बघत राहिला — बरोबरचा पुरुष अजून जिन्यातच आहे असं वाटलं असावं.

कुणीतरी सांगितलं, धंतोलीत जा, तिथे घरोघर खाटा भाड्याने मिळतात. मिळतात खऱ्या, पण दवाखान्यांतल्या पेशंटच्या माणसांना. सगळ्या विदर्भातून आजारी इथे येतात, त्यांची माणसं आजूबाजूच्या घरांतून राहतात. स्वस्त, स्वच्छ, एकट्या बाईलाही कुणी काही विचारत नाही. फक्त पेशंट पाहिजे! पेशंटला घरी सोडलं की खाटही सोडायची.

एका घरात पार्वतीबाई म्हणून प्रौढ बाई होत्या. मला बघताच पाण्याचा तांब्या पुढे केला. "कोन भरती हाय वं तुहं?" मी म्हटलं, कुणी नाही, नोकरी शोधते आहे. तांब्या परत घेतला! "मंग नाई जमत, बाई. माह्या घरी पेशंटचेच मानसं राह्यतात. मोहल्ल्याले काय सांगू मी?"

तहान तशीच राहिली. असला संताप आला! आमच्या घरची माणसं धडधाकट आहेत हा काय गुन्हा झाला?

२० नोव्हेंबर

खाट मिळाली! पार्वतीबाईंचीच!! झालं ते असं.

सकाळी धंतोलीतच एका दवाखान्याच्या बाकावर बसून केळं खात होते. आत नर्सबाई एका तरुण माणसावर ओरडत होत्या. नरखेडकडचा गिरिधर. संत्र्याच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून वडील पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन आत सळई घातलीय. दिवसभर पेशंटजवळ घरचं कुणीतरी पाहिजेच हा दवाखान्याचा नियम. आई मागेच वारली, बायको ओली बाळंतीण, आणि मळ्यात संत्र्याची तोड सुरू. "तोड थांबली तं वर्षाचं गेलं ना, सिस्टर! मी इथं बसू का तिथं जाऊ?" रडायचाच बाकी होता.

मी उठले आणि म्हटलं, मी बसते. सकाळी नोकरी शोधीन, दुपारपासून अंधार पडेपर्यंत इथे. फक्त मला पेशंटचं माणूस म्हणा.

गिरिधर बघतच राहिला. नर्सबाई म्हणाल्या, "माणूस आहे ना? झालं तर." आतून म्हाताऱ्याचा आवाज — "पाठव तिले इकडे. पाहू दे कोन हाय."

नत्थूजी. पांढऱ्या मिशा, पायाला वजन टांगलेलं, डोळे मिस्कील. "कुठची वं तू?" समुद्राजवळची म्हटल्यावर फार वेळ विचार केला. "समुद्राचं पानी खारं असते म्हन्तात. मंग तुम्ही शेताचं वलीत कसं करता?" मी हसत सुटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी गिरिधर मला घेऊन पार्वतीबाईंकडे आला. "आमच्या बाबाचं मानूस हाय." त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. खाट, दोन घोंगड्या आणि तांब्याभर पाणी. सगळं प्यायले.

२४ नोव्हेंबर

रविवार. गिरिधर संत्र्यांची करंडी घेऊन आला, सबंध वॉर्डात वाटली. नत्थूजी प्रत्येक फळ हातात तोलून मगच पुढे देतात. मला म्हणाले, "सालीवर जाऊ नको. ढिली साल असली का आत गोडच रायते."

नोकरीचं म्हणाल तर कापड दुकान — नाही. वकिलाचं ऑफिस — हिंदी टायपिंग पाहिजे. शाळा — बघू. पण आता पत्ता विचारला की ठणकावून सांगते: धंतोली!

२७ नोव्हेंबर

पार्वतीबाईंनी गोळाभात केला — भातात बेसनाचे गोळे — वर गरम तेलाची फोडणी ओतली. मासळीची आठवण झाली नाही. घरी कळवू नये.

२ डिसेंबर

गंमत सांगते. आज डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं आहे, दोन दिवसांत घरी जा. मी घाबरलेच — नत्थूजी गेले की माझी खाट गेली. तोंडावर दिसलं असेल बहुतेक. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "नाई जी. दुखून राह्यलं अजून. लय दुखते."

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. ठीक, राहा अजून.

ते गेल्यावर मी घाबरून विचारलं, खरंच दुखतंय का हो? तर मिशीत हसले. "अवं येडी, मी बरा झालो तं तुही खाट जाईन ना! तुही नवकरी लागेपर्यंत माहा पाय दुखन."

मी हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. कोण कुठला हा म्हातारा! दादाला पत्र लिहिताना हे लिहावं असं वाटलं. नाही लिहिलं. त्याला समजायचं नाही.

५ डिसेंबर

नत्थूजींचं नाटक जोरात. आज कुबड्या देऊन उभं केलं तर "अई!" म्हणून माझा खांदाच धरला, कपाळाला चक्क घाम! नाटक कंपनीवाल्यांनी उचलून नेलं असतं. मी कानाशी म्हटलं, पुरे, सिस्टर गेल्या. ते म्हणाले, "असं?" आणि खाटेवर बसले. मग दोघंही हसलो.

डॉक्टर गेले की विचारतात, "आज बरा केला ना वं मी?" मी म्हणते, फर्स्ट क्लास.

८ डिसेंबर

बियाण्यांच्या कंपनीत मराठी टंकलेखिका पाहिजे. उद्या परीक्षा. सरकारी कागद आता मराठीत येतात आणि इथे हिंदी यंत्रावर हात बसलेलेच जास्त. माझं पारडं जड आहे, बाई!

१२ डिसेंबर

लागली! लागली! लागली!

साहेबांनी समोरच पत्र सहीला दिलं. सोमवारपासून. पत्र घेऊन तशीच वसतिगृहात गेले — तिथल्या बाईंनी आता "बसा ना" म्हटलं. तिथून जवळजवळ पळत दवाखान्यात. नत्थूजींना पत्र दाखवलं. वाचता येत नाही, पण उलटसुलट करून बघितलं, टाइपाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे तू करशीन? असे बारीक बारीक?" मग शेजारच्या खाटांना ओरडून सांगितलं, "आमची पोरगी लागली हो, कंपनीत!"

मी म्हटलं, आता पुरे झालं नाटक. डॉक्टरांना सांगा बरं वाटतं म्हणून. मळ्यात जा, नातवाचं तोंड बघा. तोड संपत आली.

पत्राची हळूहळू घडी घातली. मला सोडून जायचं जिवावर आलंय असं वाटलं, मलाही आलं होतं. मग म्हणाले, "तू म्हन्ते तं सांगतो."

१३ डिसेंबर

राउंडला नत्थूजींनी शब्द पाळला. "आता नाई दुखत जी." डॉक्टरांना खरं वाटेना. मला बाहेर बोलावून विचारलं, "कालपर्यंत तर ओरडत होते. पुन्हा पायाचा फोटो काढावा म्हणत होतो मी. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही दिवसभर असता."

मी हसून सगळं सांगून टाकलं — खाट, नोकरी, सगळं. डॉक्टरही खो खो हसले. "विदर्भातला माणूस!" म्हणाले, आणि सुट्टीच्या कागदावर सही केली.

१४ डिसेंबर

नत्थूजी गेले. गिरिधरने गाडी आणली होती, मागे गादी घातली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या बहाराले ये. झाडावरून तोडून देईन तुले."

पार्वतीबाईंनी खाटेवरची चादर काढली. मी ट्रंक उचलली तर त्याच रडायला लागल्या. त्यांच्या घरून रोज कुणी ना कुणी जातं, तरी रडल्या. मी पण.

१७ डिसेंबर

ऑफिस. यंत्र नवं आहे, बटणं मऊ. मोठे साहेब म्हणाले, वेग चांगला आहे. वसतिगृहात माझ्या खिडकीला ऊन येतं. दादाला सविस्तर पत्र टाकलं. स्वेटर घेतला — संत्र्याच्या रंगाचा, मुद्दाम!

किती बरं चाललंय. भीतीच वाटते कधी कधी.

२४ डिसेंबर

गिरिधर ऑफिसात आला. नत्थूजींना पहाटे परत आणलं म्हणाला. तशीच त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. अंगात ताप, पाय सुजून खांबासारखा. सळई आतल्या आत सरकलीय, पू झालाय. फार आधीच सरकली असणार, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. पुन्हा ऑपरेशन, आणि पाय राहील की नाही ते आज सांगता येत नाही.

गिरिधरला मीच सांगितलं, डॉक्टरांना मी काय बोलले ते. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी उचलली. औषध आणायला गेला.

नत्थूजींना विचारलं, तेव्हा खरंच दुखत होतं?

"हो ना वं."

मग मला खोटं का सांगितलंत?

"तू लय घाबरली होती," ते म्हणाले. "मंग हासली."