खाट चौदाची फाईल

सोमवार, २ फेब्रुवारी
लागलो एकदाचा कामाला! इस्पितळाची कॉम्प्युटर खोली तळमजल्यावर आहे, एक्स-रे विभागाला लागून. गारठा असा की दुपारीही स्वेटर घालावा, पण खुर्ची फिरती आणि कोरी करकरीत. सगळ्या रुग्णांच्या फायली एकाच युनिक्स यंत्रावर आहेत आणि ते यंत्र आजपासून माझ्या ताब्यात. शिवाय ताई याच इमारतीत आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुसरा मजला, खाट चौदा. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. जेवणाच्या सुट्टीत वर गेलो तर म्हणाली, ‘साहेब झालास, आता तरी शर्ट नीट खोच.’ खाट बारावर शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी माझं लोंबणारं बटण तिथल्या तिथे लावून दिलं. पिशवीत हिरवाच दोरा होता.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. दोन वर्षं बॅकअपच घेतलेला नाही! माझ्या आधीचा माणूस खोलीला कायम कुलूप लावायचा, म्हणून सगळे त्याला कुलूपकाका म्हणतात. या महाभागाने बॅकअप स्वतःच्या हाताने बंद केलेला. हजारो लोकांच्या नोंदी एका डिस्कवर, आणि हा खुशाल निवृत्त होऊन बसलाय! मी तो चालू केला. रोज सकाळी दहाला आपोआप सुरू होईल.

बुधवार, ४ फेब्रुवारी
बॅकअप अडखळला. पडद्यावर ‘डिस्क रीड एरर’, म्हणजे डिस्क वाचता येत नाही. यंत्राने पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा डिस्कवरच्या त्याच ब्लॉकवर, त्याच तुकड्यावर अडलं. ब्लॉकच्या आकड्यावरून फाईल हुडकली, ती निघाली खाट बाराची, शिवणाच्या बाईंची. केबल बदलली, डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत! तरी फाईल उघडेना. व्यवस्थापक म्हणाले, वाचता येत नाही ते वगळा आणि पुढे चला, एका फाईलचं काय एवढं घेऊन बसलात. असा डोक्यात गेला तो माणूस!

गुरुवार, ५ फेब्रुवारी
बाईंचे कागद तरी मिळवावेत म्हणून वॉर्डात गेलो. नर्सबाई म्हणाल्या, खाट बारा महिनाभर रिकामीच आहे. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. ताईला विचारलं. तिलाही अशी कुणी बाई माहीत नाही. मी चिडून त्यांचं वर्णन करायला गेलो आणि जीभ अडली. मलाही चेहरा आठवत नाही. या वहीत लिहिलंय म्हणून ठाऊक, इतकंच. शर्टाला एक बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं आहे.
आज एरर तीन.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
कुलूपकाकांना फोन केला. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आळसाने नव्हता बंद केला. ज्याची फाईल बॅकअपला वाचता येत नाही, तो माणूस राहत नाही. माझ्या बोटात लग्नाची अंगठी आहे. बायको कोण होती, मला ठाऊक नाही.’
फोन आपटला. खोटारडा म्हातारा!
आज एरर सहा. बॅकअप बंद केला.

शनिवार, ७ फेब्रुवारी
व्यवस्थापकांनी बॅकअप परस्पर चालू करून घेतला! वरून आदेश आहे म्हणे. कॉलर धरली मी त्यांची. रखवालदाराने मला दंडाला धरून बाहेर काढलं. दाराच्या काचेतून कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता, एकेक एरर उमटत होती. खाट सात. खाट दहा. आणि हा शहाणा व्यवस्थापक माझ्याकडे बघून मान हलवत होता—
ताईला आजच हलवा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, टाके ओले आहेत, दोन दिवस थांबा. दोन दिवस!

रविवार, ८ फेब्रुवारी
दार फोडलं. दहा वाजून गेले होते. वायर उपटली. पडदा विझत नाही. वायर माझ्या हातात आहे आणि पडदा—
खाट तेरा गेली.
चौदा. पहिला प्रयत्न. दुसरा.
ताई. माझी मोठी बहीण. खाट चौदा. विसरू नकोस, गाढवा. तिसरा. हिनं वाढवलं तुला. चौथा. विसरलास तर याद राख— ताई ता—

सोमवार, ९ फेब्रुवारी
माझ्या वहीत कुणीतरी नसता चावटपणा केलाय. पानभर गिचमिड, म्हणे ‘माझी मोठी बहीण’. मी एकुलता एक. आई गेल्यावर एकटाच वाढलो. ज्याने हे लिहिलं तो सापडला तर हात मोडून ठेवीन!
अक्षर मात्र माझ्यासारखं. अगदी माझ्या—
मागची पानं वाचली. वर जाऊन आलो. चौदावर कोरी चादर. नर्सबाई म्हणाल्या, इथे कुणी नव्हतंच. बरोबरच आहे, नव्हतंच कुणी. मग मी त्यांच्या अंगावर का ओरडलो? डोळ्यांचं पाणी थांबत नाही, आणि कुणासाठी ते कळत नाही, याचाच संताप येतोय. कोण होती ही, जिला मी—