कोपरा फाटलेलं कार्ड

अमरावती,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८४१

श्रीयुत शेषराव (मागचं एक वर्ष मी चारचौघांत तुले ‘कैलासवासी’ म्हणत होतो, त्याचा खुलासा पुढे येईल) यांस अमरावतीहून पुंजारामचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे मी अन् मनकर्णा जीव धरून आहो. मले उजव्या कानाने कमी ऐकू येते, ही मानमोडीच्या तापाची देणगी. मनकर्णा म्हणते, आधीही येत नव्हतं. तुह्या मायबाईचा खोकला कसा आहे? तिले दंडवत सांग. सौ. पार्बतावैनीले नमस्कार (हे ‘सौ.’ लिहिताना हात इतका हलका झाला, की एकदा लिहून पुन्हा गिरवलं). तू स्वतः कसा आहे हे विचारत नाही, कारण मंगळवारीच तुले पाहिलं. अकोल्याच्या त्या कापूस कंपनीच्या हपिसात काच पुसता पुसता बादली टाकून, जोडे टाकून, जिन्यावरून पळत सुटला तो माणूस मीच. काहून पळालो ते सांगायले हे पत्र लिहून राहिलो. सगळं ऐकून घे, अन् मंग ठरव आपली जोडी राहिली की मोडली.

आपला धंदा कसा होता ते तुले सांगायची गरज नाही, पण मले आठवायची आहे. बारा वर्षं तू शिडीवर, काचेच्या बाहेर. मी आत, स्टुलावर. चुन्याच्या निवळीत भिजवलेला बोळा तुह्याही हातात, माह्याही. काचेवरचा डाग नेहमी पलीकडच्याच बाजूले असते, हे आपण दोघं सोडून दुनियेत कोणाले पटत नव्हतं. तू बाहेरून बोट दाखवायचा, मी आतून पुसायचो. मी बोट दाखवायचो, तू पुसायचा. बोलायची गरज नव्हती, अन् काचेतून ऐकू तरी काय येणार? एकदा आपलं भांडण झालं (तुले वाटते चूक माही होती, असू दे) तेव्हा दोन दिवस नुसत्या बोटांवर धंदा चालवला अन् गिऱ्हाइकाले पत्ता लागला नाही. मंग सव्वा वर्षामागं भादव्यात तू अकोल्याचं महिनाभराचं काम घेतलं, मायबाईले अन् वैनीले घेऊन गेला, अन् शिडी माह्याजवळ ठेवली. नीट सांभाळ, एवढंच म्हणाला होता.

अश्विनात मानमोडी आली. घरोघरी माणसं आडवी झाली, त्यात आमी दोघंही. मनकर्णा आधी उठली. मी तेरा दिवसांनी भिंत धरत ओट्यावर आलो, अन् त्याच दिवशी डाकवाल्याने अकोल्याचं कार्ड हातात ठेवलं. कोपरा फाटलेलं. असं कार्ड कशाचं असते हे लहान लेकरालेही माहीत: मयतीची खबर. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं, आंघोळ करून आत यायचं. मी पत्त्याची बाजू पाहिली. ‘पुंजाराम काचवाले, अमरावती.’ तुहं अक्षर, तुहाच तो लांबलचक काना. ते पाहून मले असं रडू कोसळलं की मागची बाजू वाचायची हिंमतच झाली नाही. आता यातला घोळ तुह्या लक्षात आला असेल. माह्या आला नाही. मेलेला माणूस आपल्या मयतीचं कार्ड आपल्या हाताने लिहीत नाही, एवढं ध्यानात यायले मले तेरा महिने लागले. (ताप डोक्यात गेला होता, असं मी लोकाले सांगतो. मनकर्णा म्हणते, तिथं जागा रिकामी होती म्हणून गेला.) न वाचताच कार्डाचे तुकडे केले, थंड्या पाण्याने आंघोळ केली, ताप उलटला अन् आणखी आठ दिवस पडलो. दहाव्याले तुह्या नावाने भाताचा घास ठेवायले गेलो, तर कावळ्याने तो टाकायच्या आत उचलला. जमलेले तिघं म्हणाले, भाग्यवान होता, काही इच्छा मागे राहिली नाही. मले मात्र तुहा राग आला. बारा वर्षांच्या जोडीदाराले एकदा भेटावं, एवढीही इच्छा नसावी?

त्याच आठवड्यात बाजारातले बांबू संपले. सरणाची लाकडं संपत आली, खांदा द्यायले माणसं पुरेनात. शेजारचे नत्थुजी तेली गेले तेव्हा त्यांची पोरं आपल्या दारात येऊन उभी राहिली अन् शिडीकडे पाहू लागली. मी नाही म्हटलं असतं, पण मनात आलं, तिकडे अकोल्यात शेषरावले कोणी कशावर नेलं असेल? दिली. (धारणीकडचा बांबू, तुह्या सासऱ्याने स्वतः निवडून आणलेला, नत्थुजींचं वजन त्याने चांगलं पेललं.) एकाले दिल्यावर दुसऱ्याले नाही कसं म्हणायचं? कार्तिक सरेपर्यंत आपली शिडी सतरा वेळा गेली अन् सतरा वेळा धुऊन परत आली. सगळी गल्ली म्हणे, पुंजारामचं मन मोठं. त्या मोठ्या मनानेच धंदा बुडवला.

कारण रोग गेला, पण शिडी लोकाच्या ध्यानात राहिली. तुहा पाय घसरू नये म्हणून चौथ्या पायरीले लाल चिंधी बांधली होती ना, तिने घात केला. मी शिडी खांद्यावर घेऊन निघालो की रस्त्यातली माणसं बाजूले होऊन हात जोडत. बाया दारं लावून घेत. गिऱ्हाईक म्हणे, काचा पुस बावा, पण ते अंगणात आणू नको. चिंधी सोडली, तर लोक म्हणे, चिंधी सोडलेली दिसते. हिरवा रंग दिला, तर म्हणे बरं केलं, आता दुरूनच ओळखू येते. (नवी करावी तर सुतार त्याच शिडीवरून गेला होता.) मंग हात पोचते तेवढ्याच काचा पुसत राहिलो. आज अमरावतीच्या पेढ्यांत माणसाच्या उंचीपर्यंत उजेड आहे अन् वर अंधार.

त्यात डॉक्टर सांगू लागले, घरात हवा येऊ द्या. कॅम्पातल्या रामराव वकिलांनी खिडक्यांची तावदानंच काढून माळ्यावर टाकली. तिथं आता चिमण्या नांदते. उघड्या खिडकीचं मी काय पुसू? उरलेले म्हणे, रोग हवेतूनच येते, त्यांनी काचांवर खळीने कागद चिकटवले. एकाच्या खिडकीले काच नाही, दुसऱ्याची काच दिसत नाही, अन् दोघंही म्हणते, पुंजाराम, पुढच्या महिन्यात ये. जिनिंगमध्ये मजुरी अशी चढली की बाहेरून पुसायले मले माणूसच मिळेना. शेवटी मनकर्णाले आत उभं केलं. तिले बोट दाखवणं पहिल्याच दिवशी आलं. पण तिच्या बाजूले डाग असते हे तिने आजपर्यंत मान्य केलं नाही. मंग एकटाच आतून पुसायचो, जिना उतरून बाहेरून पाहायचो, तर डाग आत, पुन्हा जिना. एका काचेले चार फेरे. एक दिवस थकून काचेसमोर उभा राहिलो अन् सवयीने बोट दाखवलं. पलीकडे कोणी नव्हतं. त्या दिवशी काम अर्धं सोडून घरी आलो.

म्हणून अकोल्याचं ऐकलं तेव्हा निघालो. वर्षभर बंद पडलेलं एक हपिस पुन्हा उघडून राहिलं, काच पुसणारा पाहिजे, असा निरोप होता. ज्या गावाने तुले खाल्लं त्या गावात पाय टाकायचा नाही असं ठरवलं होतं, पण पोटापुढे काय चालते? मंगळवारी बडनेऱ्याले गाडी बदलून पोचलो. चपराशाने वरच्या मजल्यावर नेलं, म्हणाला, बाहेरून एक माणूस लागला आहे, तू आतून धर. काच अशी मळली होती की भिंतच वाटे. मी बोळा फिरवू लागलो, पलीकडूनही कोणाचा तरी बोळा फिरून राहिला होता. थाळीएवढा गोल मोकळा झाला, अन् त्यात तू. (वाळलेला, दाढी वाढलेली, पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर काळ्या दोऱ्याचे हे एवढाले टाके. वैनीले म्हणा, नवऱ्याकडे जरा पाहत जा. एवढी टापटिपीची बाई, अन् नवऱ्याले असं बुजगावणं करून शिडीवर चढवते?) तू काचेवर तोंडाची वाफ टाकली, पुसली, अन् मले पाहिलं. तू हसला नाही. मंग हळूच बोट उचललं अन् माह्याकडे दाखवलं.

आता कळते, डाग माह्या बाजूले होता. पण मेलेला जोडीदार तेरा महिन्यांनी काचेत येऊन बोट दाखवते, तेव्हा माणूस काय समजेल? मले वाटलं, न्यायले आला. जिन्यात चपराशाले पाडलं, स्टेशनावर उभी दिसली ती गाडी धरली, ती शेगावकडची निघाली, तिथून उलटा फिरून बुधवारी दुपारी अनवाणी घरी. मनकर्णाने आधी बादली विचारली. मंग सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, त्या कार्डावर अक्षर कोणाचं होतं? मी म्हटलं, शेषरावचंच. ती उठून पाणी तापवायले गेली. मी ओट्यावर बसलो तेव्हा ती काचेवरची वाफ आठवली. मेलेल्याच्या तोंडाची वाफ कुठून येणार? मी एकटाच हसलो, मंग ढसाढसा रडलो, मंग जाऊन पेढे आणले. गल्लीत वाटत सुटलो, की कैलासवासी शेषराव जिवंत आहे. लोकांनी पेढा घेतला, पण मले दारातूनच वाटेले लावलं.

तेव्हापासून मन खाऊन राहिलं. तू मेला असता, तर वैनीले भेटायले मी यायले पाहिजे होतं. तू जिवंत होता, तर तुले भेटायले यायले पाहिजे होतं. कसंही धरलं तरी मी यायले पाहिजे होतं, अन् मी आलो नाही. आधी अंगात ताप होता, हे खरं. पण ताप काही वर्षभर नव्हता. मी भ्यालो, शेषराव. रोगाले नाही, वैनीच्या कपाळाकडे पाहायले भ्यालो. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता इतके दिवस गेले, की मंग जायची लाज वाटू लागली. तूही पुन्हा लिहिलं नाही. कसा लिहिशील? तू कार्ड टाकलं अन् इकडून ना उत्तर, ना माणूस. तू मले काय म्हणाला असशील ते मी राहून राहून माह्या मनाने म्हणून पाहतो.

तुहा पत्ता नाही, म्हणून हे पत्र त्या चपराशाच्या नावे पाठवतो (त्याच्या गुडघ्याले लागलं असेल तर माफी माग). राग असू दे, पण ये. शिडी आपण नवी करू, लाल चिंधी बांधायची नाही. काम थोडं आहे, पण दोघांचं आहे. एकट्याच्यानं काच पुसणं होत नाही, हे मले पुरतं कळलं.

तुहाच,
पुंजाराम

ता. क. मनकर्णा म्हणते, चार पानं लिहिली अन् मुख्य गोष्ट राहिली. बादली. ती तिच्या माहेरची आहे, अन् तिच्याशिवाय मले घरात सुखाने भाकरी मिळत नाही, खरं तर म्हणूनच आजच्या आज लिहायले बसलो. येताना घेऊन ये. येणं होत नसेल तर निदान बादली तरी कोणासोबत धाड. जोडे राहिले तरी चालते.

आणखी ता. क. वरचं सगळं मनकर्णाले वाचून दाखवलं. ती भाकरी थापून राहिली होती. कावळ्यापाशी लय हसली. मंग भाकर तव्यावर टाकली अन् माह्याकडे न पाहता म्हणाली, “भाऊजी जित्ते हायेत, तं मंग ते कार्ड कोनाचं होतं?”

बुधवारपासून तिच्या मनात होतं म्हणे. मी पेढे वाटून राहिलो होतो, म्हणून बोलली नाही.

शेषराव, डाकेच्या थैलीत कोपरा फाटला असेल, दोरी घट्ट बसली असेल, उंदराने कुरतडला असेल, असं तासभर मनाले सांगून पाहिलं. मंग वाटलं, मायबाई असेल. (जिच्या हातच्या भाकरी खाऊन मी वाढलो ती ऐंशीची म्हातारी, अन् मी देवाजवळ मागून राहिलो की तीच असू दे. देव मले माफ करो.) पण मनकर्णाने तुह्या सदऱ्याच्या टाक्यांचं वरचं लिहिलेलं मले पुन्हा वाचायले लावलं. दुसऱ्यांदा मले ते मोठ्याने वाचता आलं नाही.

पहिल्या पानावरचं ते ‘सौ.’ खोडायले गेलो, हात चालला नाही. खोडलं अन् माही चूक निघाली तर? पत्र फाडून नवं लिहावं वाटलं, पण तुहं एक पत्र मी फाडलं तेवढं पुरे. हे आहे तसं पाठवतो. मागोमाग सोमवारच्या सकाळच्या गाडीने आमी दोघं येऊन राहिलो. बादलीचं सोड. तू त्या कार्डात कोणाचं नाव लिहिलं होतं, ते तुह्या तोंडून ऐकतो. यावेळी पळणार नाही. मनकर्णाने सुई अन् पांढऱ्या दोऱ्याचं रीळ पिशवीत घातलं आहे.