नवे बूट

२ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू ओरडणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. मी विमानातून छत्रीने उडी मारायला शिकतेय. बाबा उड्या मारायचे त्याच मैदानावर. जमिनीवरचं शिक्षण संपलं. छताला टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळून काखा सोलवटल्यात. पहिली उडी पुढच्या रविवारी.

आईला सांगितलं, तर ती उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. बाबा गेले तेव्हा मी रांगतही नव्हते. आई त्याबद्दल ब्र काढत नाही. तू त्यांची बहीण, त्यांना उडी शिकवलीस तीही तूच. छत्री उघडली नव्हती का? एवढं तरी सांग. आणि रविवारी ये ना.

तुझी लाडकी (अजून आहे ना?),
चिमणी

६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

ओरडले. शेजारीण धावत आली, इतकी ओरडले.

छत्री छान उघडली होती गं. कशातच काही दोष नव्हता. तुझा बाप माझ्या हाताखालचा सगळ्यात तरबेज, आणि तितकाच नखरेल. त्या दिवशी पायात नवे बूट होते. वारा त्याला कुंपणालगतच्या चिखलाच्या खड्ड्याकडे नेत होता. कुंपणाशी आम्ही उभ्या, तू आईच्या कडेवर. चिखलात पडला असता तर आम्ही त्याला वर्षभर चिडवलं असतं. जमीन दोन-तीन मजल्यांच्या अंतरावर आली असताना त्याने वळण्यासाठी छत्रीच्या एकाच बाजूच्या दोरीची मूठ जोरात ओढली. तसं केलं की छत्री कलते आणि माणसाला घेऊन खाली झेपावते. सावरायला उंचीच उरत नाही. हे तो स्वतः नवख्यांना शिकवायचा.

मी येणार नाही. माझ्याच्याने ते मैदान बघवत नाही. पण ऐक. खाली आलीस की वळायचं नाही. समोर उकिरडा असला तर उकिरड्यात उतर. पाय आणि गुडघे जुळवून ठेव, शेवटी दोन्ही मुठी एकदम खाली ओढ. लोक हसले तर हसू देत. एवढं ऐकलंस तर माझ्यावर उपकार होतील, पोरी.

जीव मुठीत धरून बसलेली,
आत्या

१३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी आहे. घोटा मुरगळलाय, बाकी धडधाकट.

वारा ऐनवेळी फिरला. खाली बघते तर तोच खड्डा. आणि कुंपणाशी आई. येणार म्हणून एका शब्दाने बोलली नव्हती. तिच्यासमोर चिखलात पडणं मला नको वाटलं. माझा उजवा हात आपोआप खाली यायला लागला, आत्या. बाबांचं कसं झालं असेल ते तेव्हा कळलं. फार रडू आलं. मी हात वर घेतला, गुडघे जुळवले आणि कमरेपर्यंत चिखलात रुतले. सगळे पोट धरधरून हसले. आता तिथे मला म्हैस म्हणतात.

आई हसली नाही. घरी आल्यावर तिने माझ्या हातातून बूट काढून घेतले आणि न्हाणीघरात बसून धूत राहिली. पाणी स्वच्छ आलं तरी धूत होती. मी शेजारी बसले, तेव्हा बाबांबद्दल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, त्याचे बूट घरी आले, तेव्हा त्यांच्यावर चिखलाचा एक ठिपकाही नव्हता.

तू ये. आम्ही दोघी वाट बघतोय.

तुझीच,
म्हैस