सिद्धम्माची हजेरी रस्त्यावरून तलावावर घेणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रोजगार हमी कामे, लातूर (नवीन जिल्हा)

विषय: मयत मजूर सिद्धम्मा मलप्पा हिचे नाव रस्त्याच्या मस्टरवरून कमी करून पाझर तलावाच्या मस्टरवर घेणेबाबत.

संदर्भ: रस्त्यावर मजुरीच्या मानाने माती जास्त कशी भरली, याचा खुलासा मागणारे आपले दि. ४ एप्रिल १९८३ चे पत्र.

महोदय,

१. मी रेणापूर भागातील रस्ता, पाझर तलाव व नाला बांध या तीन कामांवरील हजेरी कारकून. सायकल एक, कामे तीन. सबब सकाळी रस्त्यावर बसूनच तिन्ही मस्टर भरायची मला खोड लागली. दि. १७ मार्च रोजी तलावावर माणसे कमी पडली, म्हणून सिद्धम्माला मी तोंडी तिकडे पाठवले. तिची हजेरी रस्त्यावर लागली होती, ती बदलली नाही. दुपारी तलावाची दरड कोसळून ती गेली. कागदोपत्री मात्र ती संध्याकाळपर्यंत रस्त्यावर काम करत होती. तिची मुलगी महानंदा हिचा भरपाईचा अर्ज ‘मयत तलावाच्या मस्टरवर नाही’ या शेऱ्याने परत आला. मी गप्प बसलो.

२. आता खुलासा. रस्त्याच्या भरावाची माती कडेला खड्डे खणून काढतात; खोली मोजता यावी म्हणून मजूर खड्ड्याच्या मधोमध मातीचा खांब सोडतात. सिद्धम्मा आपल्या खांबाला विभूतीचे तीन पट्टे ओढायची. १८ मार्चपासून रोज सकाळी रस्त्याकडेला एक खड्डा जास्त निघतो. माप एका बाईच्या दिवसाच्या कामाइतके, खांबावर तीन पट्टे. माती ओली लागते. इकडे सहा महिने प्यायलासुद्धा टँकर आहे, साहेब. टोळीतील गौरम्मा मला म्हणाली, “तिचं नाव हितं लावून ठिवलंय तुम्ही, मग ती जाईल कुठं? हजेरी भरून राहिली ती.”

३. मी सिद्धम्माच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून पाहिले. दुसऱ्या दिवशी खड्डा दुप्पट होता. मला भीती वाटते, त्याहून जास्त लाज वाटते.

४. तरी १७ मार्चची तिची हजेरी व मजुरीचा खर्च तलावाच्या कामी टाकून महानंदाला भरपाई मिळावी. जिल्हा नवा आहे, दप्तर अजून पेट्यांत आहे, हे जाणतो. खोट्या हजेरीबद्दल मला कामावरून काढले तरी तक्रार नाही.

५. भरपाई नाही म्हणून काल महानंदा रस्त्यावर नाव लावायला आली. मी लावले. आज सकाळी ती यायच्या आधीच तिच्या वाट्याचा खड्डा खणून झाला होता. महानंदा त्यातल्या तीन पट्ट्यांच्या खांबाला धरून बसली आहे, उठवले तरी उठत नाही. आदेश आजच व्हावा.

आपला नम्र व दोषी,
रामकिशन ग्यानोबा बनसुडे
हजेरी कारकून
दि. ११ एप्रिल १९८३

सोबत: १७ मार्चचे रस्त्याचे व तलावाचे मस्टर, महानंदाचा परत आलेला अर्ज.