मला पुन्हा अप्रशिक्षित करण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक नियोजन अधिकारी,
प्रादेशिक नियोजन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मला देण्यात आलेले 'प्रशिक्षित नागरिक' हे प्रमाणपत्र रद्द करून मला पूर्ववत अप्रशिक्षित करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाच्या जाहीर सभेचे इतिवृत्त, मुद्दा सातवा.
२) याच विषयावरचे माझे आधीचे दोन अर्ज, जे आपल्याला मिळाल्याचे आपला शिपाई सांगतो आणि मिळाले नसल्याचे आपण सांगता.

महोदय,

१. रुळांवरच्या पादचारी पुलाच्या पायथ्याशी माझे फोटो फ्रेम करून देण्याचे दुकान आहे. यजमान मालट्रक चालवतात, त्यामुळे घरी बहुतेक मी आणि सासूबाई अशा दोघीच असतो. सासूबाई टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी असून आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. रुग्णालय रुळांपलीकडे आहे. त्या स्वतःच्या पायांनी पूल चढतात, मध्ये कठड्याला टेकून दम खातात आणि पलीकडे उतरतात. कुणी रिक्षा सुचवली की म्हणतात, "मी आजारी आहे, सामान नाही." आपल्या आराखड्यात हा पूल पाडून तेथे मोटारींसाठी उड्डाणपूल दाखवला आहे. पायी जाणाऱ्यांनी कुठून जावे, हे मी त्या नकाशात भिंग लावून शोधले. सापडले नाही.

२. आपल्या कार्यालयाने गल्लीत फलक लावला होता, की स्थानिक नागरिकांनी नियोजनाचे मोफत प्रशिक्षण घ्यावे आणि आपल्या भागाचे भवितव्य आपणच ठरवावे. मी मूर्ख. दुकान बंद ठेवून गेले.

३. प्रशिक्षणात काय झाले, हे आपल्याला ठाऊक नसावे, कारण आपण उद्घाटनाला फक्त रिबीन कापून गेलात. आम्हाला गोल बसवण्यात आले. लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. ज्याच्या हातात गुंडा, त्याने स्वतःचा एक चांगला गुण सांगायचा. माझ्या शेजारच्या गवंड्याने "मी कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही" असा गुण सांगितला, त्याला टाळ्या पडल्या. मग रंगीत चिठ्ठ्यांवर स्वप्नातले शहर काढायचे होते. मी उभी राहून विचारले, "पादचारी पूल राहणार का?" प्रशिक्षक फार गोड माणूस. म्हणाले, "ताई, छान प्रश्न आहे. हा आपण पार्किंगमध्ये ठेवू या." भिंतीवर 'पार्किंग' असे लिहिलेला एक मोठा कागद होता. अवघड प्रश्न त्यावर चिकटवून ठेवायचे आणि शेवटी त्यांची उत्तरे द्यायची, अशी पद्धत म्हणे. शेवटी प्रशिक्षकांची गाडी लवकर आली. त्यांनी तो कागद गुंडाळून काखेत मारला आणि गेले. माझा प्रश्न आजमितीस कोणत्या गावी उभा आहे, हे कळवल्यास आभारी राहीन.

४. प्रमाणपत्र मात्र मिळाले. ते मी चांगल्या लाकडी चौकटीत बसवून दुकानात लावले, कारण मला त्याचा अभिमान वाटला. गल्लीलाही वाटला. सगळे म्हणाले, सभेत आपल्या वतीने तू बोल, तुला बोलायचे शिक्षण आहे.

५. जाहीर सभेच्या दिवशी मी हरकती मांडणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा आपल्या लिपिकाने यादी पाहून सांगितले, "तुम्हाला बोलता येणार नाही. तुम्ही प्रशिक्षित आहात." प्रशिक्षित नागरिक हा नियोजन प्रक्रियेचा भाग धरला जातो, आणि प्रक्रियेला प्रक्रियेविरुद्ध हरकत घेता येत नाही, असा नियम त्यांनी वाचून दाखवला. मला मंचावर बसवण्यात आले. पाण्याची बाटली देण्यात आली. माझी खुर्ची आपल्या खुर्चीशेजारीच होती, आणि समोर जमिनीवर माझी सगळी गल्ली बसून माझ्याकडे पाहत होती. महोदय, आपल्याला त्या नजरेची सवय असेल. मला नव्हती.

६. मग सासूबाईंनी माइक घेतला. त्यांचा आवाज आजही एक्स्चेंजमधला आहे, एकेक शब्द सुटा. त्या म्हणाल्या, "साहेब, हा पूल गेला तर मी दवाखान्यात कशी जाऊ, एवढंच सांगा. लांबलचक नको, मला थोडक्यात कळतं." आपण हसलात. आपले शब्द मला पाठ आहेत : "आजी, तुमच्या घरात तर आमची प्रशिक्षित सून आहे! ती तुम्हाला घरी गेल्यावर नीट समजावून सांगेल. पुढचे कोण?" सभागृह हसले. सासूबाईंनी माइक ठेवला आणि माझ्याकडे न बघता खाली बसल्या. इतिवृत्तात मुद्दा सातवा असा छापला आहे : "एका ज्येष्ठ नागरिकेच्या शंकेचे कुटुंबांतर्गत निरसन करण्यात आले."

७. हे निरसन कसे झाले, ते कळवते. रात्री मी ताटे वाढली. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि शांतपणे विचारले, "मग? करतेस ना निरसन?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या रागावून विचारत असत्या तर बरे झाले असते. त्या खरेच उत्तराची वाट पाहत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेली बाई आहे, पलीकडून कुणी तरी बोलेल असा त्यांचा विश्वास अजून आहे.

८. गल्लीचा माझ्यावरचा विश्वास त्याच आठवड्यात गेला. ऑफिसची बाई असे माझे नाव पडले. समोरच्या घरातल्या काकूंनी आपल्या दिवंगत पतीचा फोटो माझ्याकडे फ्रेमला टाकला होता. त्या येऊन तसाच अर्धवट घेऊन गेल्या. म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांना तुझ्या दुकानात ठेवायला नको वाटतं." मी काच कापत होते, बोट कापले. ते सांगण्यासारखे नाही, पण आपल्याला सगळे सविस्तर लागते म्हणून सांगितले.

९. मी प्रमाणपत्र परत करायला आपल्या कार्यालयात आले. लिपिकाने ते उलटेसुलटे पाहून सांगितले, की प्रमाणपत्र हरवले तर दुय्यम प्रत देण्याची तरतूद आहे, पण परत घेण्याची नाही. मी म्हटले, मी सगळे विसरले आहे, परीक्षा घ्या. ते म्हणाले, "वहिनी, लग्न मोडता येतं, प्रशिक्षण मोडता येत नाही." माणूस वाईट नाही. जाताना हळूच म्हणाले, पुढचा वर्ग केलात तर कदाचित काही मार्ग निघेल. पुढच्या वर्गाचा विषय पत्रकात पाहिला : 'कुटुंबातील व परिसरातील विरोधाचे व्यवस्थापन'. महोदय, सासूबाईंचे व्यवस्थापन त्यांच्या स्वतःच्या मुलाला जमलेले नाही. माझ्याकडून ही अपेक्षा ठेवणाऱ्याच्या अकलेची मला कीव येते. हे वाक्य खोडावेसे वाटले, पण खोडत नाही.

१०. या सोमवारी सकाळी कंत्राटदाराची माणसे लोखंड कापायची यंत्रे घेऊन आली आणि त्यांनी जिन्याच्या तोंडाशी पत्रे उभे केले. सोमवार हा सासूबाईंचा दवाखान्याचा वार. त्या पिशवी घेऊन आल्या, पत्र्याच्या फटीतून आत शिरल्या, अर्धा जिना चढल्या आणि तिथेच बसल्या. मुकादम म्हणाला, "आजी, उठा, काम सुरू करायचंय." त्या म्हणाल्या, "कर की. मी कुठे तुझं यंत्र धरलंय?" मुकादमाने आपल्या कार्यालयाला फोन लावला. तिकडून काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण त्याचे उत्तर ऐकू आले : "साहेब, पूल कापायचा आदेश आहे माझ्याकडे. म्हातारी उचलायचा नाही." त्याने यंत्र बंद केले आणि तो बिडी ओढत बाजूला बसला.

११. मी दुकानातून बघत होते. मला वाटले, आता मी पुढे झाले तर पुन्हा प्रक्रियेचा भाग होईन की काय. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. सभेनंतर त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. म्हणाल्या, "मला दवाखान्याची वेळ झाली. मी जाते पलीकडे. तू बस इथे. उठू नकोस." त्या पूल ओलांडून गेल्या. मी त्यांच्या जागी बसले. थोड्या वेळाने समोरच्या काकू वर आल्या, माझ्या खालच्या पायरीवर टेकल्या आणि शेंगा सोलू लागल्या. मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. दुपारपर्यंत जिना भरला. गवंडीही आला, जो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

१२. त्या दिवसापासून आम्ही पाळीपाळीने बसत आहोत. दुकान सकाळी उघडते, दुपारी बंद असते. हा अर्ज मी जिन्यावर बसून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहीत आहे, अक्षर वेडेवाकडे असल्यास तेच कारण समजावे.

१३. तरी विनंती, नव्हे मागणी, अशी की माझे प्रशिक्षण तत्काळ रद्द करावे, इतिवृत्तातील मुद्दा सातवा खोटा असल्याने खोडावा आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतः द्यावे. मला मध्ये घालू नये. मला त्याचे उत्तर माहीत नाही, आणि आपल्यालाही नसेल तर तसे त्यांच्या तोंडावर सांगावे. त्यांना थोडक्यात कळते.

उत्तर पोस्टाने पाठवू नये. घरी कुणी नसते. आज गुरुवार, त्यांचा डायलिसिसचा दुसरा वार. संध्याकाळी त्या परत येतात तेव्हा फार थकलेल्या असतात आणि पुलाच्या मध्यावर बराच वेळ उभ्या राहतात. तेव्हा यावे. गाडी वर येत नाही, ती लांब उभी करून जिना चढावा लागेल. सासूबाई चढतात.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
पुलाखालची फ्रेमवाली

स्थळ : जिना, अलीकडची बाजू
दिनांक : गुरुवार, दुपार