बारा ठाणांचा तबेला

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आधी घोडी आठवते, मग तांगा, मग लगाम धरलेले हात, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. लातुरातला औसा रस्त्याकडचा मालकांचा तबेला मात्र अख्खा डोळ्यांपुढं येतो. अमावस्येला तुम्ही तांगा जुंपत नव्हता. बाकीचे बाप लेकरांना देवाला नेतात, तसं तुम्ही मला तो तबेला बघायला न्यायचात. तिथला मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा, तुमचा लहानपणापासूनचा दोस्त, मी त्याला चाचा म्हणायची. मालक गावात नसले की चाचा मागचं दार उघडायचा. आत काळ्या दगडाची बारा ठाणं, पाणी थांबू नये म्हणून फरशीला मागं उतार, आणि पार वर, आढ्याखाली झरोके. "बघ माय, वारा वरून जातो. जनावराच्या पाठीला लागत न्हाई." गव्हाणीच्या कडा घासून गोल केलेल्या होत्या, घोड्याच्या गळ्याला खरचटू नये म्हणून. त्या कडेवरून तुम्ही तळहात फिरवायचात आणि मलाही फिरवायला लावायचात. घरी आल्यावर चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर आपला तबेला काढायचात. दोनच ठाणं, एक घोडीला, एक होणाऱ्या शिंगराला. आई म्हणायची, "आपल्या डोक्यावरचे पत्रे गळायलेत, अन् ह्यांला घोडीसाठी झरोके पाहिजेत." तुम्ही हसायचात आणि झरोका जरा मोठा करायचात.

मग तो दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस हुकला, दुसऱ्या वर्षीही हुकला. कडबा मिळेना, गल्लीतला आड आटला, तांग्यात बसायला माणसं राहिली नाहीत. घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा तुम्ही टोपी हातात घेऊन मालकांपुढं उभे राहिलात. मालकांनी घोडी बाराव्या ठाणावर बांधू दिली. बदल्यात तुम्ही चाचाच्या हाताखाली राबायचं. एकच अट होती. तबेल्याच्या विहिरीचं पाणी बाहेर गेलं, तर तुम्ही आणि घोडी त्याच दिवशी बाहेर. तुम्ही ज्या जागेची स्वप्नं बघितलीत, तिथं तुमची घोडी उभी होती. त्या दिवसांत तुम्ही घरी आलात की अंगाला ओल्या दगडाचा वास यायचा, आणि आमच्या घरात तोंड धुवायलाही पाणी नसायचं.

आईला हगवण लागली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. टँकर दोन दिवस आला नव्हता. शेजारणीनं माझ्या हातात कळशी दिली आणि म्हणाली, "जा बापाकडं." ती दुपार आजही तशीच आहे. तुम्ही मला बघता. पोहरा सोडता, कळशी भरता, वर आपलं उपरणं टाकता. चाचा थोड्या अंतरावर खरारा करतोय. तो एकदा बघतो आणि तोंड फिरवतो. "सरळ घरी जा," तुम्ही म्हणता, "कुठं थांबू नको," आणि वैरणीकडं निघून जाता.

मी थांबले, अप्पा. मागच्या दारातून आत बघितलं. ठाणं नुकतीच धुतलेली होती. बाहेर सगळं करपलेलं, आणि आत तो काळा दगड ओला, झरोक्यांतून पडलेलं ऊन फरशीवर हलत होतं. मी कळशी घेऊन आत गेले. बाराव्या ठाणापाशी आपली घोडी होती. मी गव्हाणीच्या कडेवर हात ठेवला. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मागं मालक येऊन उभे राहिले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी उपरणं जरासं उचललं आणि विचारलं, "कुणी दिलं गं पाणी?" मी म्हणाले, "अप्पांनी." ते म्हणाले, "बरं, घेऊन जा." मी घेऊन गेले.

दिवस मावळायला तुम्ही घोडीचा लगाम धरून दारात आलात. मी आईला त्याच कळशीतलं पाणी चमच्यानं पाजत होते. "तुझ्या चाचानंच सांगितलं मालकाला," तुम्ही म्हणालात. "तिथं दुसरं कोण होतं?" मी चमचा आईच्या ओठाला लावला. आई वाचली. तुम्ही घोडीला घेऊन गोदावरीकडं पायी निघालात, नांदेडच्या बाजूला हिरवं मिळेल म्हणून. अहमदपूरही गाठता आलं नाही. चौथ्या दिवशी खांद्यावर नुसता लगाम टाकून परत आलात आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलात. चाचा दोनदा दारात आला. दुसऱ्या वेळी तुम्ही खाली मान घालूनच बोललात, "जा, तुझ्या मालकाच्या घोड्यांला पाणी दाव." तो पुन्हा आला नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांना जागा पुरेनात. मालकांचे घोडे कधीच विकले गेले होते. एका कचेरीनं तो तबेला भाड्यानं घेतला आणि मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. नवव्या ठाणावर माझं टेबल होतं, गव्हाणीत फायली. चाचा तिथंच चौकीदार होता. तुम्ही मला एकदाच विचारलंत, "झरोके तेवढे ठेवलेत का?" मी हो म्हणाले. विटा लावून बुजवले होते.

तुमच्या मातीला चाचा आला होता. बाभळीखाली लांब उभा राहिला. माणसं पांगल्यावर पुढं आला, मूठभर माती टाकली आणि मला म्हणाला, "बेटी, म्या न्हाई सांगितलं मालकाला. तुझा बाप तसंच समजून गेला." मी म्हणाले, "मला ठाऊक हाय, चाचा." त्याला वाटलं, मी त्याच्यावर विश्वास ठेवतेय. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रडला. मी तो हात तसाच राहू दिला.

अप्पा, चाचा अजून आहे. डोळे गेलेत, नातीकडं राहतो, ईदेला शिरखुर्मा पाठवतो. माझ्या घरापासून दहा मिनिटांची वाट आहे. हे पत्र खरं त्याला लिहायला हवं होतं, नातीनं वाचून दाखवलं असतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.